फोटोच्या मागचं पान

माझ्या थोरल्या काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं मनावर घेतलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते मोठ्या हुद्द्यावर होते. घराण्यात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. कुलवृत्तांताचं हस्तलिखित घेऊन ते नाशकात जेल रोडवरच्या माझ्या टायपिंगच्या खोलीत आले. त्याआधी ते माझ्याशी शेवटचं बोलले होते तेव्हा मी नववीत होते.

ते बोलणं आधी सांगायला हवं.

माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ. रविवार कारंजाजवळच्या घरात वरच्या मजल्यावर काकांचं बिऱ्हाड होतं आणि खालच्या दोन खोल्यांत आमचं. मी मोठी होत होते, वडील कारकुनी करत होते आणि कोणाचं काही बिनसलेलं नव्हतं. एका पावसाळ्यात वडिलांना कावीळ झाली, ती पोटात उतरली आणि ते गेले. त्यांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेव्हा काकांनी आईला वर बोलावलं. मीही मागोमाग गेले. काका खुर्चीवर बसले होते, आई दाराशी उभी होती. त्यांचा मोठा मुलगा इंजिनिअरिंगला जाणार होता आणि त्याला अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी होती. ते म्हणाले, “मुलगी आज ना उद्या सासरी जाईल. तुला एकटीला दोन खोल्या कशाला?”

मीच विचारलं, “काका, मग आम्ही कुठे जायचं?”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मोठ्यांच्या बोलण्यात मुलींनी पडू नये.”

आम्ही टांग्यातून जेल रोडला एका भाड्याच्या खोलीत आलो. वडिलांची सख्खी बहीण, माझी आत्या, तेव्हा माहेरपणाला आली होती. टांग्यात ट्रंक चढवताना ती दारात उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. थांबा, असं एकदाही ती म्हणाली नाही. मी तिचं ते उभं राहणंही लक्षात ठेवलं.

आईला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. तेव्हा मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे, आणि काकांचे कॉल पुष्कळ असत. आई त्यांचा आवाज ओळखायची. त्यांनी तिचा कधी ओळखला नाही. एकदा तिने त्यांना मुंबईची लाइन जोडून दिली आणि तिच्या कानावर आलं, काका पलीकडच्या कोणा नातेवाइकाला सांगत होते की धाकट्याचं कुटुंब आपण होऊन वेगळं झालं, फार हट्टी बाई. आईने हेडफोन काढून ठेवला. त्यानंतर काकांनी कॉल बुक केला की मुंबईची लाइन मिळायला फार वेळ लागायचा. हे आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, गवार मोडता मोडता, अगदी सहज. मी हसले. ती हसली नाही.

मी टायपिंग शिकले. आधी खडखडाट करणारं मशीन, मग नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर. लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक पीसी आणि एक लेझर प्रिंटर मांडून मी कामं घेऊ लागले. अर्ज, बायोडेटा, लग्नपत्रिका ही कामं गल्लोगल्ली होत होती. माझं नाव झालं ते लांबलचक कामांमुळे. कॉलेजातले प्राध्यापक पीएचडीचे प्रबंध घेऊन येत, साखर कारखान्यांचे अहवाल येत. शेकडो पानांच्या फाइलचे नीट भाग पाडायचे, त्याला सेक्शन म्हणतात. प्रत्येक भागाच्या पानावर माथ्याला त्या-त्या प्रकरणाचं नाव आणायचं, ते हेडर. ऐकायला सोपं वाटतं. पण कॉम्प्युटरचा स्वभाव असा, की नवा भाग पाडला तरी त्याचं हेडर आधीच्या भागाला बांधलेलंच राहतं. हेडरच्या चौकटीवर ‘सेम ॲज प्रीव्हियस’ अशी बारीक पाटी दिसत असते. ती गाठ सोडवली नाही तर एका ठिकाणी नाव बदललं की मागच्या सगळ्या पानांवर बदलतं. लासलगावच्या कांदा बाजारावर प्रबंध लिहिणारे एक सर माझ्याकडे रडकुंडीला येऊन पोचले होते, कारण त्यांच्या प्रत्येक पानावर, अगदी आईवडिलांच्या अर्पणपत्रिकेवरसुद्धा, ‘साठवणुकीतील नासाडी’ असं छापून येत होतं.

मला या कामाची गोडी लागली. कुठला भाग कुठे संपतो, पुढचा कुठल्या पानावर सुरू होतो, माथ्यावर कोणाचं नाव येतं, हे सगळं मी ठरवू शकत होते. घरात, नात्यात, मला असं काही ठरवता आलं नव्हतं.

काका आले ते दोन हजार सालानंतर केव्हातरी. भारनियमनाची वेळ होती, वीज गेलेली होती, मी दारात वारा घेत बसले होते. ते रिक्षातून उतरले. अंगात सफारी, हातात हस्तलिखिताची जाड पिशवी. त्यांनी मला ओळखलं होतं, माझ्याकडेच म्हणून ते आले होते. म्हणाले, “नाशकात एवढं मोठं काम नीट करणारं दुसरं कोणी नाही असं ऐकलं. शिवाय तू घरचीच.”

घरचीच हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला. मी आत जाऊन पाणी आणलं. आई मागच्या खोलीत होती. तिने आवाज ओळखला होता. ती बाहेर आली नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

मी काम घेतलं. का घेतलं याबद्दल मला कधी संभ्रम नव्हता. ते काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. काय करायचं हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं.

काकांचे नियम त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून आणले होते. त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या कुटुंबाचा स्वतंत्र भाग. तो उजव्या हाताच्या पानावरच सुरू व्हायला हवा. डाव्या पानांच्या माथ्यावर घराण्याचं नाव, उजव्या पानांच्या माथ्यावर त्या पुरुषाचं. काकांचा स्वतःचा भाग सर्वांत लांब होता. त्यात त्यांचं शिक्षण होतं, बढत्या होत्या, दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं, अमेरिकेतली घरं होती. भागाच्या शेवटी उजव्या पानावर त्यांचा पूर्ण पानभर फोटो. आधी चरित्र, मग दर्शन, असं ते म्हणाले. आणि फोटोच्या मागच्या बाजूला काहीही नको, कोरं पान. मागची शाई चेहऱ्यावर उमटते.

वडिलांचा वेगळा भाग नव्हता. काकांच्याच भागात, चुलत्यांच्या आणि बहिणींच्या ओळींमध्ये, एक ओळ होती: धाकटे बंधू, अकाली निधन, निपुत्रिक.

मी ती ओळ टाइप केली. पुढच्या वेळी काका प्रुफं बघायला आले तेव्हा मी त्यांना ती दाखवली आणि विचारलं, की मी इथे समोर बसले आहे, मग हे कसं?

त्यांना राग आला नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “निपुत्रिक म्हणजे ज्याला पुत्र नाही तो. एवढाच अर्थ आहे. व्याकरणाने बरोबर आहे.”

“आणि आई?”

“बायकांची नावं नवऱ्याच्या नोंदीत कंसात दिली आहेत.”

“वडिलांच्या नोंदीत कंस नाही.”

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, त्या ओळीत जागा नव्हती. आणि कागद पुढे ओढून स्वतःच्या बढतीच्या परिच्छेदातली एक वेलांटी दुरुस्त करू लागले.

मी पुन्हा विषय काढला नाही. विनंती केली असती तर कदाचित त्यांनी कंसात आईचं नाव टाकलंही असतं, आणि मग ते त्यांचे उपकार झाले असते. मला ते नको होतं. त्यांना बोच लागायला हवी होती, आणि तीही अशी की काढता येऊ नये.

प्रुफं तपासताना काकांची एक सवय माझ्या ध्यानात आली. इतरांच्या भागांवरून ते नुसती नजर फिरवत. स्वतःचा भाग ओळ न ओळ वाचत, पेन्सिलीने खुणा करत, आणि फोटोच्या पानापाशी थांबत. तिथून पुढे त्यांचं लक्ष उडायचं. एकदा फोटोचं प्रूफ टेबलावर ठेवून ते चहा पीत होते आणि मी त्या कागदाकडे बघत होते. पुढचा भाग उजव्या पानावर सुरू होणार, म्हणजे फोटोच्या मागचं डावं पान कोरं राहणार, हे कॉम्प्युटर आपोआपच करत होता. म्हणजे त्या पानावर मी काही घातलं तरी पुढचा एकही पृष्ठांक हलणार नव्हता. अनुक्रमणिका तीच राहणार होती. आणि ते पान नको म्हणून कोणी फाडलं, तर काकांचा फोटोही फाटणार होता. छापील पुस्तकात एका कागदाला दोन बाजू असतात, तिथे कोणालाही कोणाला वेगळं काढता येत नाही.

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी काकांना आणखी चहा विचारला.

त्यांनी सगळ्या प्रुफांवर सही केली. आमच्याकडे तेव्हा छपाईसाठी प्रत्येक पानाची प्रत ट्रेसिंग पेपरवर काढून छापखान्यात द्यायची पद्धत होती. ती काढण्याआधी मी फोटोच्या पानानंतर एक नवा भाग पाडला. हा भाग उजव्या पानाची वाट बघणार नाही, लगेच पुढच्या पानावर सुरू होईल, असं ठरवून दिलं. हेडरची आधीच्या भागाशी असलेली गाठ सोडवली. मागच्या भागाचीही तपासली, म्हणजे आईचं नाव मागे पसरायला नको आणि काकांचं पुढे यायला नको. डाव्या पानाच्या माथ्यावर घराण्याचं नाव येत होतं. ते पुसून तिथे मी आईचं पूर्ण नाव घातलं. मराठी फॉन्ट हेडरमध्ये हटकून बिघडायचा, नावाच्या जागी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं उमटायची. तो मी नीट बसवला. खाली आईचा नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो, वडिलांचं नाव, त्यांचा आजार, त्यांच्या मृत्यूनंतर आईला आणि मला घराबाहेर काढल्याची हकिगत, तारीख-तिथीशिवाय, एकही विशेषण न घालता. मग आईची नोकरी. मग मी. शेवटची ओळ अशी होती: या दाम्पत्यास एक कन्या आहे आणि हा ग्रंथ तिने अक्षरबद्ध केला आहे.

काकांची ती निपुत्रिकवाली ओळ मी काढली नाही. ती तशीच्या तशी ठेवली. वाचणाऱ्याने आधी ती वाचावी, मग फोटो बघावा, मग पान उलटावं, हाच क्रम मला हवा होता.

छापखान्याच्या मालकांनी ट्रेसिंग चाळताना विचारलं, की फोटोच्या मागे कोरं ठेवायचं ठरलं होतं ना? मी म्हटलं, घरचंच पान आहे, राहून गेलं होतं. ते खोटं नव्हतं.

प्रकाशनाचा समारंभ गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होता. मला निमंत्रण होतं, अक्षरजुळणी करणारी म्हणून. आईला नव्हतं. मी तिला चल म्हटलं. पुस्तकात काय आहे ते सांगितलं नाही. ती कपाटातली जांभळी साडी नेसली. मागच्या रांगेत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून स्टेजकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत काका तिला समोरून दिसले नव्हते.

पुस्तकाच्या प्रती आधीच वाटल्या होत्या. प्रत्येक जण आपापलं पान शोधत होता. लग्नात जेवताना जसा आवाज होतो तसा सगळीकडून पानांचा आवाज येत होता. काका माइकवर आले. तीन पिढ्यांचा शोध कसा घेतला, कोकणातल्या देवस्थानांत कसे फिरलो, ते सांगून म्हणाले की या ग्रंथातून घराण्यातलं एकही माणूस सुटलेलं नाही.

आत्या दुसऱ्या रांगेत होती. आता ती म्हातारी झाली होती, पाठीत वाकली होती. ती आपल्या धाकट्या भावाची ओळ शोधत असणार. मला ती मागून दिसत होती. तिने बोट ठेवून वाचलं, पान उलटलं, फोटो बघितला, पुन्हा पान उलटलं. मग बराच वेळ तिची मान हलली नाही. शेजारच्या बाईने तिच्या पुस्तकात डोकावून बघितलं आणि आपलं पुस्तक उघडलं. तिच्या पुढचीने मागे वळून विचारलं, कुठलं पान. रांगेरांगेतून ते पान उघडत गेलं. काका बोलत होते, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि ते त्यांना कळायला लागलं होतं.

आत्या उठून उभी राहिली. “दादा,” ती म्हणाली, “तुझ्या फोटोच्या मागे बघ.”

काकांनी समोरची प्रत उघडली. त्यांनी आईचं नाव वाचलं ते मला दिसलं, कारण ओठ हलले. मग त्यांनी सभागृहात नजर फिरवली आणि मागच्या रांगेत ती त्यांना सापडली. आईने मान खाली घातली नाही. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांची हनुवटी जराशी लोंबली, हात माइकच्या दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी हे चित्र जपून ठेवलं आहे. नंतर पुष्कळदा काढून बघितलं आहे, आणि दरवेळी ते मला तितकंच आवडलं आहे.

पाहुण्यांनी प्रसंग सावरला. आभार, राष्ट्रगीत, जेवण. जिलेबीच्या पंगतीत आत्या आमच्यापाशी आली आणि आईचा हात धरून रडायला लागली. “तेव्हा मी बोलायला हवं होतं,” असं काहीसं म्हणत होती. आईने हात सोडवून घेतला नाही, पण तिला उगी उगीही म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.

रिक्षातून घरी येताना आईने ते पान पुन्हा उघडलं. द्वारका चौक ओलांडेपर्यंत वाचत होती. मग म्हणाली, “माझं शिक्षण मॅट्रिक लिहिलंस. मी इंटर झालेली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आले. या वेळी पाणी मागितलं नाही, बसलेही नाहीत. “माझा विश्वासघात केलास,” म्हणाले. छापखान्यात उरलेल्या सगळ्या प्रतींतून ते पान काढून टाकायचं, आणि ते काम मीच करायचं. मी ड्रॉवरमधून ब्लेड काढून टेबलावर ठेवलं, एक प्रत उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, “कापा. सुरुवात तुम्हीच करा.”

ते त्या पानाकडे बघत राहिले. मग कागद उलटला. कोट, टाय, पाठीमागे पुस्तकांचं कपाट, त्यांचा तो फोटो. तो त्यांनी खास स्टुडिओत जाऊन काढून घेतला होता. त्यांनी ब्लेडला हात लावला नाही.

“हे तू ठरवून केलंस,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “हो.”

आई आतून बाहेर आली ती तेव्हा. ती काकांसमोर उभी राहिली, दार मोकळं सोडून, आणि म्हणाली, “या आता.” नाशकात पाहुण्याला निरोप देताना हेच म्हणतात. तिच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो त्यांना कळला.

त्यांनी मग छापखान्यातल्या प्रतींवर दुसरा उपाय केला. आईच्या पानावर पांढरा कागद चिकटवून घेतला. छापखान्याच्या मालकांनी मला नंतर एक प्रत दाखवली. खळ ओली असताना कागद फुगला आणि वाळल्यावर आकसला, आणि पलीकडच्या बाजूला काकांच्या कपाळावर, गालांवर, टायवर सुरकुत्या पडल्या. एक डोळा बारीक झाला होता. त्यात वरचा कागद पातळ, उजेडात धरला की आईचं नाव वाचता येत होतं. या प्रती पुण्या-मुंबईच्या आणि अमेरिकेच्या नातेवाइकांकडे गेल्या. मी एक प्रत मागून घेतली आणि घरी आणली. आईने ती खिडकीपाशी उजेडात धरून बघितली, आणि मी तिला इतक्या मोकळेपणाने हसताना फार वर्षांनी पाहिलं.

एक-दोन चुलतभावांनी मला फोन करून सुनावलं. म्हाताऱ्या माणसाशी असं वागू नये, झालं गेलं विसरावं. त्यांच्यातल्या एकाची अभ्यासाची खोली आमच्या घरातून झाली होती. मी त्याला विचारलं, की तिथे उजेड बरा यायचा का? त्याने फोन ठेवला.

काका त्यानंतर काही वर्षांनी गेले. आत्याने फोन करून कळवलं. आईने विचारलं, जायचं का? मी म्हटलं, तुला वाटत असेल तर जा. तिने थोडा विचार केला आणि देवळाली गावातल्या भाजीबाजारात गेली, कारण त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता आणि मेथी ताजी यायची. मला लोक सांगत आले होते की सूड घेतल्यावर मन पोखरतं, पुढे पश्चात्ताप होतो. मी त्याची वाट बघितली. त्या दुपारी आईने मेथीची भाजी आणि भाकरी केली. आम्ही दोघी पोटभर जेवलो, आणि मी आडवी झाले ती चहाच्या वेळेलाच उठले.